साठ रुपयांचा कांदा, नऊ रुपयांचा कांदा: शहर आणि गाव वेगळं मत का देतात?

२०२३ च्या दिवाळीत निफाड तालुक्यातला माझा मामा दरवर्षीसारखा अर्धी गोणी कांदा घेऊन आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर आला. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. गोणी बघून म्हणाल्या, "भाऊ, यंदा चांदी आहे तुमची. इथं साठ रुपये किलो चाललाय."

मामा म्हणाला, "ताई, माझा जूनमध्येच गेला. नवानं."

नवानं म्हणजे नऊ रुपये किलोनं. काकूंना वाटलं मामा चेष्टा करतोय, मामाला वाटलं काकू करतायत. दोघंही खरं बोलत होते. सात महिन्यांनी लोकसभेचा निकाल लागला तेव्हा टीव्हीवर "ग्रामीण विरुद्ध शहरी" अशी चर्चा सुरू झाली आणि मला ती लिफ्ट आठवली.

निकाल असा होता. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महायुतीला १७, महाविकास आघाडीला ३० आणि सांगलीत एक अपक्ष. पुणे, नागपूर, ठाणे, कल्याण महायुतीकडे राहिले. दिंडोरी, नाशिक, अहमदनगर, शिर्डी, धुळे, शिरूर हे कांदा पिकवणारे मतदारसंघ एकामागून एक आघाडीकडे गेले. चित्र स्पष्ट वाटतं. फक्त मुंबईनं त्यावर पाणी ओतलं. राज्यातलं सगळ्यात मोठं शहर, तिथल्या सहापैकी चार जागा आघाडीला. म्हणजे "शहर या बाजूला, गाव त्या बाजूला" असं सरळ गणित मांडता येत नाही. दरी आहे, पण ती शिक्षणाची, जाणिवेची किंवा "त्यांना कळत नाही"ची नाही. माझ्या मते ती सुरू होते एका साध्या प्रश्नापासून: भाव वाढला की तुमच्या घरात पैसे येतात की जातात?

भावाच्या दोन बाजू

कांद्याचं वेळापत्रक माहीत नसेल तर हे राजकारण कळत नाही. उन्हाळ कांदा मार्च ते मे महिन्यात निघतो. ज्याच्याकडे बरी चाळ, म्हणजे कांदा साठवायची शेड आहे, तो तो दिवाळीपर्यंत साठवतो. ज्याच्याकडे चाळ नाही, किंवा ज्याला सोसायटीचं कर्ज फेडायचंय, खरिपाचं बियाणं घ्यायचंय, तो जूनमध्येच विकतो. चाळीतसुद्धा कांदा सुकतो, कोंब येतात, सडतो. चार-पाच महिन्यांत वजनात चांगलीच घट होते. एवढी जोखीम घेणाऱ्याला ऑक्टोबरमध्ये भाव मिळायला हवा, आणि नेमकं तेव्हाच शहरातल्या भाजीवाल्याकडे कांदा महाग होऊन बातमी बनतो. बातमी झाली की दिल्ली हलते.

२०२३ मध्ये हलली ती अशी. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये त्यानंतर काही दिवस लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याखाली कांदा बाहेर विकता येत नाही तो भाव, टनाला ८०० डॉलर झालं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्यात सरळ बंद. ही बंदी ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे वाढवली. मग एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. नाशिकच्या लाल कांद्यावाल्याला हे कसं लागलं असेल ते सांगायला नको. ४ मे २०२४ ला बंदी उठली, दिंडोरी-नाशिकचं मतदान २० मे ला. सोळा दिवसांत राग निवत नाही.

सरकार असं का करतं? दुष्टपणा म्हणून नव्हे. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातलं सरकार पडण्यात कांद्याच्या भावाचा मोठा हात होता. तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या मनात ती भीती बसली. कांदा खाणारे देशभर, प्रत्येक मतदारसंघात. कांदा पिकवणारे मोजक्या जिल्ह्यांत. कोणाला दुखवायचं, हा हिशोब कोणत्याही पक्षाचा मंत्री असाच करेल. २०२४ मध्ये फरक इतकाच पडला की मोजक्या जिल्ह्यांनी एकगठ्ठा उत्तर दिलं.

आता काकूंचे साठ आणि मामाचे नऊ, मधले ५१ रुपये कुठे गेले? त्यातला एक वाटा वेळच खातो, म्हणजे जून ते नोव्हेंबरची साठवण आणि घट. काही आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं, किरकोळ विक्रेत्याचा गाळा. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात कांद्यासाठी ग्राहक जो रुपया मोजतो त्यातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात असा अंदाज आहे. ही सरासरी झाली. टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२३ मधलं. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. ५१२ रुपयांतून हमाली, तोलाई, गाडीभाडं वगैरे कापून हातात उरले दोन रुपये आणि काही पैसे. त्याला दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढची तारीख घातलेला. त्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीचा, फोटो राज्यभर फिरला. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मामाने टाकला, खाली काही न लिहिता. पुण्यातल्या कुणीतरी त्यावर रडणारी बाहुली टाकली आणि विषय वाढदिवसाच्या केककडे वळला.

ही मांडणी नवी नाही. शेतकरी नेते शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि १९८० च्या आसपास चाकणच्या कांद्यापासूनच त्यांचं आंदोलन पेटलं. "भारत विरुद्ध इंडिया" हे शब्द त्यांनी घरोघर पोचवले. पुष्कळ जण त्याचा अर्थ "गाव विरुद्ध शहर" असा लावतात, तो अपुरा आहे. झोपडपट्टीतला माणूस त्यांच्या लेखी इंडियाचा नव्हता, भारतातून आलेला निर्वासित होता. गावातला बडा पुढारी मात्र इंडियात बसू शकत होता. रेषा नकाशावर काढायची नाही, पिकाच्या भावाचं शोषण कोण करतं आणि कोणाचं होतं यावर काढायची, असा त्यांचा रोख होता. लिफ्टमधल्या प्रसंगापेक्षा हे पुष्कळ खोल आहे, पण लिफ्टमध्येही बसतं.

"ग्रामीण मतदार" नावाचा माणूस नसतो

इथे एक गाठ सोडवली पाहिजे. गाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शेतकरी येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतकऱ्यांपेक्षा शेतमजूर जास्त होते. शेतमजूर बाई कांदा काढते मजुरीवर आणि खाते विकत घेऊन. कांदा साठ रुपयांवर गेला की तीही काकूंच्याच बाजूला. उलट तिला जास्त लागतं. महागाई मोजायच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत शहरी घराच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ३६ टक्के धरला होता, ग्रामीण घराच्या खर्चात ५४. मग ती "गावाबरोबर" मत का देईल? देतेही कधीकधी, पण कारणं वेगळी असतात. आरक्षण, संविधान, रेशन, घरकुल, वस्तीतला पाण्याचा नळ. २०२४ च्या लोकसभेत मराठवाड्यात मराठा आरक्षणाचं आंदोलन आणि विदर्भात संविधानाचा मुद्दा कांद्याच्या किती तरी पुढे होता. तिथे कांद्याची चाळ शोधत बसण्यात अर्थ नाही.

शहरही एक नाही. दक्षिण मुंबईतला टॉवर आणि त्याच्या मागची चाळ एकाच बूथच्या यादीत असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

शिवाय शहर कशाला म्हणायचं? जनगणनेत नगरपालिका, महापालिका वगैरे नसली तरी वस्ती "शहर" धरतात, त्याला तीन अटी आहेत: लोकसंख्या किमान ५,०००, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. म्हणजे ग्रामपंचायत असलेलं गाव जनगणनेच्या वहीत शहर असू शकतं. गावकऱ्यांना ते कुणी सांगत नाही. २०११ ला या हिशोबानं राज्याचे ४५ टक्के लोक शहरी होते. आज किती असतील याचा अंदाज हायवेला दुतर्फा उभ्या राहिलेल्या इमारती बघून आपापला करावा.

पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. पुण्याचा कचरा कित्येक वर्षं तिथल्या डेपोत पडत आला. कचऱ्याच्या गाड्या अडवून गावकरी अनेकदा रस्त्यावर बसले. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली. शहरात आलो, आता सोयी मिळतील, असं वाटेल आपल्याला. आली ती मिळकतकराची बिलं. गावकऱ्यांनी महापालिकेतून बाहेर काढा अशी मागणी लावून धरली आणि २०२४ मध्ये दोन्ही गावं वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कचरा घ्यायला शहराच्या जवळ, पाणी मिळायला शहरापासून लांब, आणि कराच्या वेळी थेट शहरात: या अनुभवातून जो राजकीय राग तयार होतो तो "ग्रामीण मागासलेपणा" या डब्यात बसत नाही.

कोल्हापूरची रांग आणि कुलाब्याची सुट्टी

मत वेगळं पडतं हे झालं. मत मुळात पडतं की नाही, यातही मोठी दरी आहे आणि ती दर निवडणुकीत दिसते. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या पुढे मतदान झालं, कुलाब्यात ४४ च्या आसपास. त्याच वर्षी लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये ७० टक्क्यांहून जास्त, दक्षिण मुंबई आणि कल्याणमध्ये जेमतेम ५०. जंगलातून चालत, नक्षलवाद्यांची भीती अंगावर घेऊन लोक जातात आणि लिफ्टनं खाली उतरायला आपल्याला जमत नाही, असं म्हणून शहरी माणसाला झोडपायची पद्धत आहे. मी पण झोडपलंय. पण कारण आळसाच्या पलीकडचं आहे.

गावात सरकार रोज भेटतं. सात-बाराची नोंद तलाठ्याकडे, कर्ज जिल्हा बँकेतून सोसायटीमार्फत, उसाची तोड कारखान्याच्या मर्जीवर, माल बाजार समितीत, रस्ता सरपंचाकडे. यातल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी निवडणूक होते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याचं संचालक मंडळ ही आमदारकीची शाळाच झाली. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात काहीशे मतं असतात, निकाल पाच-दहा मतांवर फिरतो, आणि तुम्ही गेलात की नाही हे यादी हातात घेऊन बसलेल्या पोलिंग एजंटला माहीत असतं. दुपारी तीनला तो घरी येतो. "आजी राहिल्यात अजून, गाडी पाठवू का?" हा दबाव आहे, आणि ओळखही आहे.

बऱ्यापैकी पगार असलेला शहरी माणूस मात्र सरकारला वळसा घालून जगतो. पाण्याला टँकर, विजेला इन्व्हर्टर, शाळा खासगी, दवाखाना खासगी, सुरक्षेला वॉचमन. त्याला सरकार भेटतं ते कराच्या रूपात आणि खड्ड्याच्या रूपात, आणि खड्डा कुणालाही मत दिलं तरी राहतो हे त्याला अनुभवानं कळलंय. त्यात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर काही वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. ज्यांना टँकर परवडत नाही, नळाची जोडणी, पुनर्वसनाची यादी, रेशन यासाठी सरकारच लागतं, ते शहरातही रांगेत दिसतात. मतदानाचा आकडा गावपण मोजत नाही. सरकारची गरज मोजतो, असं मला वाटतं. भाड्याने राहणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा. दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्याचं नाव यादीत मागच्याच्या मागच्या पत्त्यावर असतं.

एका जागेचं वजन

आमदार किती आणि कुठे, हेही ठरवलेलं असतं. आणीबाणीत जागांची फेरवाटणी गोठवली गेली. मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या त्या २००१ च्या जनगणनेवरून, आणि विधानसभेला त्या पहिल्यांदा लागू झाल्या २००९ मध्ये. मधल्या तीसेक वर्षांत लोक कुठून कुठे गेले याचा सगळा हिशोब त्या एका झटक्यात दिसला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात १३ आमदार होते, ते २४ झाले. विदर्भाचे ६६ चे ६२ झाले. मुंबईत गंमत म्हणजे शहर जिल्ह्याचे १७ वरून १० वर आले आणि उपनगरचे १७ वरून २६ वर गेले. गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळमधून माणसं बोरिवलीला, डोंबिवलीला, बदलापूरला सरकली, आणि त्यांच्या मागोमाग आमदारकी सरकली.

२००९ पूर्वी ठाण्यातल्या मतदाराच्या मताचं वजन कोकणातल्या किंवा विदर्भातल्या मतदाराच्या मानानं हलकं होतं, कारण एका आमदारामागे त्याच्याकडे कितीतरी जास्त माणसं होती. पुढची फेरवाटणी २०२६ नंतरच्या जनगणनेवर होईल. तेव्हा पुणे, ठाणे, नवी मुंबईच्या पट्ट्याला जागा वाढणार आणि कुठल्या तरी दुष्काळी तालुक्याचा मतदारसंघ शेजारच्यात विरघळणार. आमदार गेला की तालुक्याचा निधी, तहसीलमधला वट, एसटी डेपोची मागणी, सगळ्याचा आवाज बारीक होतो. शहराला वाटतं, लोकसंख्या जास्त तर जागा जास्त, यात अन्याय कसला? गावाला वाटतं, पोरं तुम्ही नेलीत, आता आमदारही न्या. गणितानं पहिलं बरोबर आहे. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पाच महिन्यांत काय झालं?

शहर-गाव दरी पक्की असती तर नोव्हेंबर २०२४ चा विधानसभा निकाल तसा लागलाच नसता. ज्या नाशिक जिल्ह्यानं मे महिन्यात महायुतीच्या खासदारांना घरी बसवलं, त्याच जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा नोव्हेंबरमध्ये महायुतीला. राज्यात २८८ पैकी २३०. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून बराच कमी मिळत होता, तरी सोयाबीनच्या पट्ट्यातही महायुतीच पुढे.

मधल्या काळात तीन-चार गोष्टी घडल्या. सप्टेंबरमध्ये कांद्याचं किमान निर्यात मूल्य निघालं, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. मराठा आंदोलनाला उत्तर म्हणून ओबीसी मतं एकवटली. आणि लाडकी बहीण आली. महिन्याला १,५०० रुपये. पहिले दोन हप्ते मिळून ३,००० रुपये रक्षाबंधनाच्या सुमारास खात्यावर, निवडणुकीची आचारसंहिता लागेपर्यंत एकूण ७,५००.

मामाच्या घरी दिवाळीला गेलो होतो तेव्हा मामा अजून निर्यातबंदीचा हिशोब सांगत होता. मामी चहा गाळत मध्येच म्हणाली, "कांद्याची पट्टी ह्यांच्या खात्यावर येते. हे माझ्या खात्यावर आले." मामा गप्प. मामीनं पुढे कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलंही नसतं. "ग्रामीण मतदार" म्हणून आपण ज्या घराला एक मत समजतो, त्या घरात खाती दोन होती.

ही योजना शहरातही होती. पुण्यातल्या धायरीत धुणीभांडी करणारी बाई आणि निफाडमधली मामी यांच्या मोबाइलवर एकच मेसेज आला. भावाच्या प्रश्नावर या दोघी समोरासमोर उभ्या असतात, इथे एका बाजूला आल्या. दरी बुजली असं नव्हे. सरकारनं भावाचा प्रश्न न सोडवता तिच्यावरून एक साकव टाकला. मार्च २०२५ नंतर कांद्याचं उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं, आणि तरी भाव पडायचे ते पडलेच, कारण शुल्क हा एकच खिळा नव्हता.

दोन गावांचा मतदार

शेवटची गोष्ट त्या लोकांची, ज्यांना कुठल्याच रकान्यात टाकता येत नाही. महाराष्ट्रात असे लोक फार. गिरणगावातला चाकरमानी पिढ्यानपिढ्या मुंबईत राबला आणि जीव गावच्या पालखीत ठेवला. नवी मुंबईच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहणारे माथाडी बहुतेक सातारा आणि पुणे जिल्ह्यातले. २०१४ मध्ये साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला होतं आणि इकडचं २४ ला. त्यावर शरद पवार माथाडींच्या मेळाव्यात म्हणाले होते की आधी तिकडे मत द्या, मग इकडे येऊन द्या, फक्त शाई पुसायला विसरू नका. विनोद होता असा खुलासा त्यांनी नंतर केला, निवडणूक आयोगाला काही हसू आलं नाही. पण सभेत हशा पिकला तो उगाच नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाला दोन गावं होती.

माझा मामेभाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आहे. जिथे शरद जोशींनी कांद्यासाठी रस्ते अडवले, तिथे आता कंटेनरच रस्ता अडवतात. जमीन विकून स्थानिकांनी खोल्या बांधल्या, त्यातल्या एका खोलीत तो आणि नांदेडचा एक मुलगा राहतो. पगाराच्या दिवशी तो काकूंच्या बाजूला असतो, कांदा विकत घेतो. जूनमध्ये वडिलांचा फोन आला की मामाच्या बाजूला जातो. लोकसभेला तो शनिवारी रात्रीच्या गाडीनं गावी गेला आणि सोमवारी मतदान करून परत आला. चाकणचं मतदान त्याआधी एक आठवडा, १३ तारखेला होऊन गेलं होतं. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, तो झोपला.

गेल्या महिन्यात मी त्याला म्हटलं, चाकणलाच नाव नोंदव की, पाणी तुला इथलं लागतं, रस्ता इथला, खोली इथली.

"अन् गावात ग्रामपंचायत लागली की मग दाराशी कोण येईल, दादा? इथं मला घरमालकसुद्धा खोली नंबरनं हाक मारतो."